नवीन आयव्हीएफ लॅबसाठी क्रायो ॲक्सेसरीज: यादीवर टिक मारायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की लॅब नवीन आहे, लिक्विड नायट्रोजनचे ४७ लिटरचे दोन टँक ठरलेत, आणि आता सप्लायरने केन (गॉब्लेट अडकवायची धातूची पट्टी), गॉब्लेट (सॅम्पल ठेवायचा प्लॅस्टिकचा उभा पेला), व्हिसोट्यूब (तसाच, पण बारीक), कॅनिस्टर (हे सगळं टँकमध्ये सोडायचा दांड्याचा डबा), लेबल, ग्लोव्ह्ज, अलार्म अशी चार पानी यादी पाठवलीय आणि त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, कुठली कंपनी चांगली आणि क्रॉस कंटॅमिनेशन, म्हणजे एका सॅम्पलचं इन्फेक्शन दुसऱ्याला लागायची भीती किती, ते तुम्हाला हवंय. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण गॉब्लेट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकची नळी, चार कंपन्यांची चारही चालतात. पण चुकीच्या प्रकारची नळी घेतली तर कुठल्याच कंपनीची चालत नाही, आणि गोची तिथेच होते.

मी १८ वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, तीन लॅब शून्यापासून उभ्या करताना हाताने सामान लावलंय, आणि दरवेळी हेच बघितलं की लोक टँकवर महिनाभर चर्चा करतात आणि ॲक्सेसरीज एका दुपारी सप्लायरच्या यादीवर टिक मारून मोकळे होतात. खरं तर टँकच्या आत सॅम्पल गप पडलेलं असताना त्याला कसलाही धोका नसतो, जे काय बरंवाईट व्हायचं ते सॅम्पल हलवताना, शोधताना, वर उचलताना होतं, किंवा मग टँकच दगा देतो तेव्हा. म्हणून मी यादीकडे एकाच नजरेने बघते: ही वस्तू सॅम्पलला लिक्विडच्या बाहेर किती सेकंद ठेवते? आणि टँक बिघडला तर ही मला किती तास आधी सांगते? माणसांच्या सुरक्षेच्या वस्तू सोडल्या तर या दोन प्रश्नांत जी वस्तू बसत नाही ती नंतर घेतली तरी काही अडत नाही.

आता सेकंदांचं एवढं काय ते सांगते. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशाला. विट्रिफाय केलेलं, म्हणजे बर्फ होऊ न देता झटक्यात गोठवलेलं एग किंवा एम्ब्रियो काचेसारख्या अवस्थेत असतं आणि साधारण उणे १३० च्या आसपास तापमान चढलं की ती काच ढिली पडायला लागते, आत बर्फाचे कण तयार व्हायचा धोका सुरू होतो. आणि ओपन डिव्हाइसवर (ज्या पट्टीवर सॅम्पल थेट लिक्विडला लागतं; क्लोज्डमध्ये ते सीलबंद असतं) थेंब किती, तर ०.१ मायक्रोलिटरच्या आसपास. एवढ्याशा थेंबाला स्वतःचा असा थंडावा काहीच नसतो. खोलीच्या हवेत आला की काही सेकंदांतच खेळ संपू शकतो. अर्ध्या मिलीलिटरची सीमेनची स्ट्रॉ (बारीक प्लॅस्टिकची नळी) त्या मानाने सावकाश तापते म्हणून अँड्रॉलॉजीवाल्यांचे हात जरा निवांत चालतात, आणि तेच हात एगच्या कॅनिस्टरमध्ये गेले की मला घाम फुटतो.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही काय साठवणार आणि कशात. माझं पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. ओपन डिव्हाइस, क्लोज्ड डिव्हाइस, सीमेनच्या स्ट्रॉ, क्रायोव्हायल, यातलं प्रत्येक वेगळ्या मापाचं आणि वेगळ्या स्वभावाचं. ओपन की क्लोज्ड हा वाद मी इथे काढत नाही, तो तुमच्या एम्ब्रियॉलॉजिस्टचा हात कशावर बसलाय त्यावर सोडा, फक्त एवढं लक्षात ठेवा की वॉर्मिंगचा वेग कूलिंगच्या वेगापेक्षा जास्त मोलाचा ठरतो, त्यामुळे जे डिव्हाइस टँकमधून वॉर्मिंग डिशपर्यंत लवकर आणि न धडपडता पोचतं ते तुमचं.

क्रायोव्हायलबद्दल, म्हणजे झाकणाच्या छोट्या बाटलीबद्दल, एक इशारा. बहुतेक स्क्रू-कॅप व्हायल बनवणारे स्वतःच लिहितात की लिक्विडमध्ये बुडवू नका, व्हेपरमध्ये (लिक्विडच्या वरच्या थंड वाफेत) ठेवा. कारण झाकणातून लिक्विड आत झिरपतं, आणि थॉ करताना त्या लिक्विडचा जवळपास ७०० पट गॅस होतो आणि व्हायल हातात फुटते. तुमचे दोन्ही टँक लिक्विडचे आहेत असं दिसतंय, तेव्हा सीमेनसाठी व्हायलची मोठी ऑर्डर दिली असेल तर थांबवा, सीलबंद स्ट्रॉ घ्या. व्हायलच हव्या असतील तर एक टँक व्हेपरचा करावा लागेल, आणि मग वरच्या कॅनिस्टरच्या टोकाला खरंच किती तापमान राहतं ते स्वतः प्रोब टाकून मोजावं लागेल, कारण व्हेपरमध्ये वर आणि खाली भरपूर फरक पडतो.

आता गॉब्लेट. यादीत ही सगळ्यात स्वस्त वस्तू असते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. गॉब्लेट दोन प्रकारचे मिळतात, तळाला भोक असलेले आणि बंद तळाचे. भोकवाले पटकन बुडतात, लिक्विड आपोआप भरतं, हाताळायला सोपे, म्हणून सप्लायर बिनधास्त तेच देतो. पण केन वर उचलली की तेच भोक लिक्विड सोडून देतं आणि मानेपर्यंत येईतो गॉब्लेट रिकामं, आत फक्त डिव्हाइस आणि हवा. बंद तळाचं गॉब्लेट लिक्विडचा पेला बरोबर घेऊन वर येतं, सॅम्पल त्यात बुडलेलंच राहतं. व्हिसोट्यूब घेताना पण हेच बघायचं.

हे मी पुस्तकातून नाही, चुकून शिकले. पहिल्या लॅबमध्ये आम्ही सगळे भोकवाले गॉब्लेट घेतले होते, सहा महिने तसेच वापरले. मग एकदा एका ट्रेनीला केन उचलायला शिकवत होतो, डमी स्ट्रॉमध्ये बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घालून, तर केन मानेजवळ आली आणि काटा असा काही चढला की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तेच बंद तळाच्या गॉब्लेटमध्ये केलं, काटा हलला नाही म्हटलं तरी चालेल. त्या आठवड्यात रात्री बसून सगळे एम्ब्रियो बंद तळाच्या गॉब्लेटमध्ये हलवले, आणि ते हलवणं हा स्वतःच एक जोखमीचा उद्योग होता जो आधीच नीट ऑर्डर केली असती तर करावा लागला नसता. बंद तळाचा एक तोटा आहे, रिकामं गॉब्लेट पहिल्यांदा बुडवताना तरंगतं, तिरकं होतं, म्हणून ते आधीच लिक्विडने भरून मग खाली सोडायचं. एका दिवसात सवय होते. भोकवाल्यांचा उपयोग नाहीच असं नाही, ड्राय शिपरमध्ये (सॅम्पल प्रवासात न्यायचा, नायट्रोजन शोषून धरणारा टँक) मोकळं लिक्विड नको असतं तिथे ते बरे.

आणखी एक, हलक्या स्ट्रॉ आणि डिव्हाइस लिक्विडमध्ये वर तरंगतात. आत हवा राहिलेली सीलबंद स्ट्रॉ तर हमखास. म्हणून गॉब्लेटची उंची डिव्हाइसपेक्षा किती कमी आहे, वर टोपी किंवा अडकवायला काही आहे का ते बघा, नाहीतर दोन वर्षांनी टँकच्या तळाशी किंवा कॅनिस्टरच्या बाहेर एक अनाथ स्ट्रॉ सापडते आणि मग रजिस्टर घेऊन सगळी लॅब डोकं धरून बसते.

केन ॲल्युमिनियमच्या घ्या, वरच्या पट्टीवर नंबर कोरलेला किंवा ठोकलेला असावा, शाईने लिहिलेला नको. माप मात्र डिव्हाइस हातात घेऊन जुळवा. पाव मिलीलिटरची नेहमीची स्ट्रॉ १३३ मिलीमीटर लांब असते आणि ११ इंची कॅनिस्टर म्हणजे २७९ मिलीमीटर, म्हणजे दोन मजले जेमतेम बसतात, पण तुमचं विट्रिफिकेशन डिव्हाइस टोपीसकट थोडं जास्त लांब असेल तर वरचा मजला मानेच्या बाजूला डोकावतो आणि लेव्हल थोडी उतरली की पहिला तोच उघडा पडतो. म्हणून मी एम्ब्रियो आणि एग कायम खालच्या मजल्यावर ठेवते, वरचा मजला सीमेनला. जागा वाया जाते असं मालक लोक म्हणतात. म्हणू देत.

कॅनिस्टरचं फार काही नाही. दांडा जाड आणि न वाकणारा बघा, हुकावर नंबर बघा, आणि टँकची मान किती रुंद ते लक्षात ठेवा, रुंद मान म्हणजे सामान सुटसुटीत पण नायट्रोजन जास्त उडतो. शोधताना कॅनिस्टर मानेतल्या फ्रॉस्ट लाइनच्या (जिथपर्यंत हिम धरतं त्या रेषेच्या) वर येऊ द्यायचं नाही आणि पाच-सात सेकंदांत नाही सापडलं तर परत खाली सोडून, थंड होऊ देऊन पुन्हा बघायचं, हा नियम भिंतीवर लावा.

लेबलवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण टँकमधल्या बहुतेक घोळांचं मूळ लेबल असतं. ऑफिसच्या लेझर प्रिंटरचं स्टिकर नायट्रोजनमध्ये टिकत नाही, गोंद कडक होऊन सुटतो, टोनर पापुद्र्यासारखा निघतो. क्रायोसाठीचं खास लेबल, थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि रेझिन रिबन, हे तिन्ही एकत्र लागतं, एक जरी कमी असलं तरी उरलेल्या दोनांचे पैसे फुकट. लेबल कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या डिव्हाइसवर आधीच लावायचं, थंड झालेल्यावर चिकटत नाही. टोकं एकमेकांवर येतील असं गुंडाळा. आणि ऑर्डर देण्याआधी सॅम्पल रोल मागवा, दहा डमीवर लावून आठवडाभर बुडवून ठेवा, रोज दोन काढा-घाला करा, स्पिरिटच्या बोटाने पुसा. जो सप्लायर सॅम्पल रोल देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. दोन ओळखी तरी हव्यातच, नाव आणि एक युनिक नंबर, कारण एकाच नावाच्या दोन पेशंट येतातच येतात. बारकोड, आरएफआयडी (रेडिओ टॅग) चांगलंच आहे पण डोळ्यांनी वाचता येईल असं पण काहीतरी छापलेलं असू द्या, स्कॅनर नेमका नको तेव्हा बंद पडतो. रंगीत गॉब्लेटचं कौतुक मलाही आहे, पटकन सापडतं, पण फक्त रंगावर ओळख ठेवू नका, तुमच्या टीममध्ये लाल-हिरवा न कळणारा कुणी असू शकतो आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

क्रॉस कंटॅमिनेशनचं तुम्ही विचारलंय. १९९५ साली छापून आलेली एक केस आहे, एकाच टँकमध्ये ठेवलेल्या बोन मॅरोच्या पिशव्यांमधून हिपॅटायटिस बी पसरला होता, एक पिशवी गळत होती. एम्ब्रियोच्या टँकमधून पेशंटला इन्फेक्शन गेल्याची केस माझ्या माहितीत नाही, पण म्हणून बेफिकीर राहायचं कारण नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिसवाल्या पेशंटसाठी क्लोज्ड डिव्हाइस आणि वेगळा टँक ठेवा, म्हणजे तिसरा छोटा टँक लागेल, तो आत्ताच बजेटमध्ये धरा.

आता पैसे जिथे खरंच घालायचे ते, म्हणजे अलार्म. ४ मार्च २०१८ ला, एकाच दिवशी, अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को अशा दोन ठिकाणी टँक बिघडले. क्लीव्हलंडला ४,००० हून जास्त एग आणि एम्ब्रियो गेले, आणि तिथला रिमोट अलार्म बंद होता हे नंतर बाहेर आलं. म्हणजे अलार्म होता, तो वाजला तरी कुणाला कळणार नव्हतं. मला रात्री झोप न येण्याचं कारण विचाराल तर ते हेच.

ॲल्युमिनियमच्या टँकमध्ये दोन भिंतींच्या मध्ये व्हॅक्यूम असतो आणि मान फायबरग्लासची असते, तिथला जोड हा नाजूक भाग. व्हॅक्यूम गेला की बाहेरून दव किंवा बर्फ धरतो आणि नायट्रोजन झपाट्याने उडतो, आठवडे पुरणारा साठा काही तासांत ते एखाद-दोन दिवसांत संपतो. अशा वेळी नुसता तळाशी ठेवलेला तापमानाचा प्रोब तुम्हाला फसवतो, कारण शेवटचा घोट लिक्विड शिल्लक असेपर्यंत तो शांतपणे उणे १९६ दाखवत राहतो. प्रोब सगळ्यात वरच्या सॅम्पलच्या उंचीवर हवा. कमी फरकावर वाजला पाहिजे, उणे १३० ला वाजला तर तो अलार्म नाही, शोकसंदेश आहे.

पण त्याहून लवकर सांगणारी वस्तू म्हणजे वजनकाटा. हे ऐकून लोक हसतात. एक लिटर लिक्विड नायट्रोजन साधारण ८०० ग्रॅम भरतो. टँक रोज पाव-अर्धा लिटर उडवत असेल तर दिवसाला २००-४०० ग्रॅम कमी व्हायला हवेत, एका रात्रीत दोन किलो कमी झाले तर काहीतरी बिघडलंय, मग तापमान काहीही दाखवो. प्लॅटफॉर्मचा काटा टँकखाली कायम ठेवून त्याची लाइन अलार्मला जोडता आली तर उत्तम, नाहीतर रोज सकाळी आकडा वहीत लिहा. माझ्या दुसऱ्या लॅबमध्ये एक टँक आम्ही असाच पकडला, प्रोब अजून ठणठणीत होता पण वहीतले आकडे तीन दिवस जास्त उतरत होते, चौथ्या दिवशी मानेजवळ दव दिसलं. तोवर आम्ही सॅम्पल दुसऱ्या टँकमध्ये हलवून झालो होतो.

आणि म्हणूनच दोन टँकमध्ये तुमचं भागणार नाही. एक टँक कायम रिकामा पण भरलेला, म्हणजे सॅम्पलशिवाय, नायट्रोजनने भरून थंड, बॅकअप म्हणून हवा. गरम टँक थंड व्हायला वेळ लागतो आणि नेमका तोच वेळ तुमच्याकडे नसतो. शक्य असेल तर एकाच पेशंटचे एम्ब्रियो दोन टँकमध्ये वाटून ठेवा.

अलार्म फोन करणारा घ्या, त्याला बॅटरी हवी, वीज गेली तरी तो बोलला पाहिजे, एकाने फोन उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला गेला पाहिजे. आणि महिन्यातून एकदा न सांगता प्रोब बाहेर काढून बघा, कुणाचा फोन वाजतो ते. पहिल्या वेळी बहुतेक कुणाचाच वाजत नाही.

डिपस्टिक साधी घ्या, काळी, भरीव. पोकळ नळी कधीच घालू नका, लिक्विड तिच्यातून कारंज्यासारखं वर उडतं. दहा-पंधरा सेकंद बुडवायची, काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरी झाली तेवढी लेव्हल. कॉर्क मूळचाच वापरा, फोम फाटला की बदला, आणि कुलूपवालं झाकण घेतलं तरी गॅसला बाहेर जायला वाट हवी, टँक हवाबंद केला तर तो बॉम्ब होतो.

चिमटे लांब, २५-३० सेंटीमीटरचे, टोक आधी लिक्विडमध्ये गार करून मगच स्ट्रॉ धरायची. कामाचं भांडं रुंद तोंडाचं आणि खोल असू द्या, थर्माकोलचा डबा चालतो पण त्याचे कण पडतात आणि एक दिवस गळतो. ग्लोव्ह्ज सैल घ्या, लिक्विड आत गेलं तर झटकून काढता आले पाहिजेत, आणि ते घालून हात बुडवायचा नसतो हे प्रत्येक नवीन माणसाला सांगावं लागतं. फेस शील्ड, बंद बूट, पँट बुटाच्या बाहेर.

ऑक्सिजन मॉनिटर सप्लायरच्या यादीत शेवटच्या पानावर, ऐच्छिक म्हणून असतो. तो ऐच्छिक नाही. हिशोब करून बघा, ३ बाय ४ मीटरची, अडीच मीटर उंच खोली म्हणजे ३० घनमीटर हवा. १० लिटर सांडला तर जवळपास ७ घनमीटर नायट्रोजन, ऑक्सिजन २०.९ वरून १६-१७ टक्क्यांवर, आणि जमिनीजवळ त्याहून कमी कारण थंड गॅस खाली बसतो. वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखं पण वाटत नाही, माणूस सरळ पडतो. १९.५ ला वाजेल असा मॉनिटर लावा, दुसरा डिस्प्ले दाराबाहेर लावा म्हणजे आत जायच्या आधी दिसेल, आणि सेन्सर दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो तो खर्च धरा. आत पडलेल्या माणसाला काढायला दुसऱ्याने लगेच आत धावायचं नाही, हे सगळ्यांना, सफाईवाल्या मावशींपासून सगळ्यांना, सांगून ठेवा.

ड्राय शिपर पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने मिळतो. फक्त आधी २४ तास चार्ज केलाय का, मोकळं लिक्विड ओतून काढलंय का, वजन बरोबर आहे का आणि आत डेटा लॉगर आहे का ते बघा.

तर माझा क्रम असा: बॅकअप टँक, ऑक्सिजन मॉनिटर, अलार्म आणि काटा, मग लेबल आणि प्रिंटर, मग बंद तळाचे गॉब्लेट आणि केन, मग चिमटे-भांडी-ग्लोव्ह्ज. आरएफआयडी, शोभेचे रॅक, ऑटोफिल (नायट्रोजन आपोआप भरणारी यंत्रणा) हे सगळं सॅम्पल वाढले की. पहिल्या दोनशे पेशंटपर्यंत काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

गॉब्लेटचं नेमकं माप हवं असेल तर तुमच्या टँकच्या मानेचा आतला व्यास, कॅनिस्टरची उंची आणि डिव्हाइसची टोपीसकट लांबी तिन्ही मिलीमीटरमध्ये टाका. कॅटलॉगमधली मापं नकोत, पट्टी लावून घेतलेली द्या, १० मिलीमीटरचं बसेल की १३ चं ते मग सांगते.